‘कमवा व शिका’ची नवी मुलं ग्रंथालयाचं काम संगणकावर शिकतील का?

मॅडम, नमस्कार. तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: सिंधुदुर्गातल्या एका सीनियर कॉलेजात तुम्ही एकट्या ग्रंथपाल, जोडीला एक परिचर. यंदा ‘कमवा व शिका’तून आठ मुलं ग्रंथालयाला मिळाली. आठही जणांना तेच ते सांगून तुमचा घसा बसलाय. म्हणून संगणकावर धडे करून ठेवायचे आणि मुलांनी सवडीने, आपापल्या गतीने ते करायचे, असा बेत आहे. त्यासाठी सॉफ्टवेअर कुठलं, धडे किती, आणि एवढं केल्यावर समोर उभं राहून शिकवायचं काम संपेल का, हे तुमचे तीन प्रश्न. जाता जाता प्रमाणपत्राचंही विचारलंय.

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो: निम्मं संपेल. पण ते निम्मं कुठलं, हे ओळखण्यात चूक झाली तर धडे करण्यात गेलेला सगळा वेळ वाया जातो. माझा एकदा गेलाय.

माझं कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यात. पुस्तकं पंचवीस हजारांच्या घरात, ड्युई दशांश वर्गीकरण (प्रत्येक विषयाला एक आकडा, तोच पुस्तकाच्या पाठीवर), वाचकांना रॅकपर्यंत मुक्तप्रवेश, संगणकावर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर. दरवर्षी सहा ते दहा मुलं कामाला असतात. तुमच्याकडे अजून चिठ्ठी घेऊन पुस्तक काढून देण्याची पद्धत असेल, तर मांडणीचा गोंधळ मुळातच कमी असतो आणि माझं पुढचं बरंचसं तुम्हाला पातळ करून घ्यावं लागेल. मुलं दोन-तीनच असती, तर मी म्हटलं असतं की या भानगडीत पडू नका. दहा मिनिटांचा एक बरा धडा करायला माझ्या तीन संध्याकाळी जातात. तेवढ्यात दोन मुलं शेजारी बसवून शिकवून होतात. आठ मुलं आणि दर वर्षी नवी, म्हणून तुमचा हिशेब बसतो.

आता घसा बसण्याबद्दल. खरी अडचण ती नाही, असं मला वाटतं. आपल्याकडे मुलं एसटीच्या वेळापत्रकावर जगतात. कोणी पहिल्या गाडीने येऊन लेक्चरआधी पाऊण तास रिकामं असतं, कोणाला साडेचारची गाडी चुकवून चालत नाही. म्हणजे आठ जण एकत्र कधीच सापडत नाहीत. पहिल्याला तुम्ही सकाळी ताज्या दमाने सांगता, तिसऱ्याला दुपारी अर्धं गाळून, पाचव्याला परिचर सांगतात ते तिसरंच. महिनाभराने ग्रंथालयात आठ पद्धती चालू असतात आणि कोणाला काय येतं, कोणाला काय येत नाही, हे तुम्हाला ठाऊक नसतं. सगळ्यांना सारखंच सांगणं आणि समजलंय का ते तपासणं, या दोन गोष्टी संगणक माणसापेक्षा बऱ्या करतो. तिसरी एक गोष्ट तो फारच छान करतो, ती म्हणजे मुलाला कोणी बघत नसताना चुकू देतो. आपली खेड्यातून आलेली मुलं तुमच्यासमोर चुकायला लाजतात, ‘समजलं का?’ म्हटलं की ‘हो’ म्हणतात.

माझी फजिती सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी मी हौसेने चौऱ्याहत्तर स्लाइडचं पॉवरपॉइंट केलं. आधी दशांश वर्गीकरण काढणारे मेल्व्हिल ड्युई आणि १८७६, मग भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन आणि त्यांची १९३१ची ग्रंथालयाची पंचसूत्री, मग दहा मुख्य वर्ग, ग्रंथालयाची नियमावली, शेवटी आभार. मुलं ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत अकरा मिनिटांत आभारापर्यंत पोचायची. दुसऱ्या दिवशी रॅकवर व्हायचा तो घोळ झालाच. रंगनाथनांबद्दल माझ्या मनात आदर कमी नाही, १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आम्ही त्यांच्या फोटोला हार घालतो. पण ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या एफवायच्या मुलीला त्या घडीला पाच सूत्रं नको असतात. हातातलं पुस्तक कुठल्या दोन पुस्तकांच्या मध्ये जातं, एवढंच तिला हवं असतं.

मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली. काउंटरच्या खणात एक वही ठेवली, चुकांची. मुलाचं नाव लिहायचं नाही, फक्त काय चुकलं ते. परिचरांनीही लिहायचं. महिन्याने वही उघडली तर चुका मोजक्याच होत्या, त्याच त्या पुन्हा पुन्हा. धडे त्या वहीतून निघाले. तुम्ही कुठलंही सॉफ्टवेअर उतरवून घेण्याआधी ही वही करा. दोन आठवडेही पुरतील.

वहीत सर्वांत वर दशांश होते. आंबा लागवडीवरचं पुस्तक ६३४.४४, वनशास्त्राचं ६३४.९. मुलं वनशास्त्र आधी लावतात, आंबा नंतर, कारण चव्वेचाळीस नवापेक्षा मोठे. वाङ्मयाच्या रॅकवर तर विचारू नका: ८९१.४३३ म्हणजे हिंदी कादंबरी, ८९१.४३९ उर्दू, ८९१.४६ मराठी, ८९१.४६०९ मराठी साहित्याचा इतिहास आणि समीक्षा, ८९१.४६३ मराठी कथा-कादंबरी. हा क्रम बरोबर आहे, पण मुलांच्या हिशेबाने ८९१.४६ सगळ्यांच्या आधी आणि ८९१.४६०९ सगळ्यांच्या शेवटी. ‘टिंबानंतरचा एकेक आकडा डावीकडून ताडून बघा’ हे मी वर्षानुवर्षं सांगत होतो आणि मुलं माना डोलवत होती. एकदा हर्णैकडची एक मुलगी, घरचा मासळीचा धंदा, आंब्याचं ते पुस्तक हातात घेऊन अडली. मी विचारलं, ‘काट्यावर एक सुरमई १.४४ दाखवते आणि दुसरी १.९. मोठी कुठली गो?’ ती लगेच म्हणाली, ‘एक-नऊवाली. अर्धा किलोचा फरक आहे, सर.’ मग तिने एकदा पुस्तकाच्या पाठीकडे बघितलं, एकदा रॅककडे, आणि काही न बोलता आंबा उचलून वनशास्त्राच्या अलीकडे ठेवला. तेव्हापासून आमच्या पहिल्या धड्याचं पहिलं चित्र वजनकाट्याचं आहे.

या धड्यात वाचायला जवळपास काही नाही. आमच्याच रॅकवरच्या पुस्तकांच्या पाठींचे फोटो आहेत, फाटके स्टिकर, पुसट शाई, सगळं तसंच. पाच पाठी दिसतात, त्या ओढून क्रमाने लावायच्या. मग सात, मग दहा. चूक झाली तर नुसतं ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ येत नाही. ‘तुम्ही ४६०९ ला चार हजार सहाशे नऊ वाचलंत. ४६ नंतर शून्य आहे आणि तिथे ४६३ ला ३ आहे’, असं येतं. ही कल्पना माझी नव्हे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५८मध्ये शिकवणाऱ्या यंत्रांवर लिहिलं, तेव्हापासून लहान पायऱ्या आणि लगेच उत्तर हेच या प्रकाराचं मर्म मानलं जातं. चुकीच्या प्रत्येक उत्तराला त्याचं स्वतःचं कारण लिहिणं हे कंटाळवाणं काम आहे. पण धडा म्हणजे तेवढंच काम आहे, बाकी सजावट.

वीसपैकी अठरा आल्याशिवाय ट्रॉली हातात द्यायची नाही, हा आमचा नियम. आणि अठरा आले तरी त्याच दिवशी खऱ्या रॅकवर दहा पुस्तकं लावायला देतो, प्रत्येकात एक गुलाबी कागदी पट्टी, वर डोकावणारी. मूल पुस्तक लावतं, पट्टी तशीच ठेवतं. परिचर पाच मिनिटांत फिरून पट्ट्या काढत येतात. पडद्यावर वीसपैकी वीस मिळवणारा मुलगा रॅकपाशी का चुकतो, तर फळी भरली की तो पुस्तक आडवं टाकतो किंवा खालच्या फळीवर सरकवतो. हे पडद्यावर कळणार नाही. पडद्यावर फळी कधी भरत नाही.

दुसरी चूक निघाली ती मुलांची नव्हतीच, आमची होती. लेखकाच्या आडनावाप्रमाणे मराठी पुस्तकं लावताना कालेलकर, काळे, कावळे यांचा क्रम काय? शाळेत ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ म्हणून घोकलेल्या मुलाला ळ शेवटी वाटतो, म्हणून तो कावळे आधी घेतो. संगणकाच्या युनिकोड तक्त्यात मात्र ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, तिथे काळे आधी. क्षीरसागर क मध्ये शोधायचे की अगदी शेवटी? धडा लिहायला बसलो तेव्हा कळलं की मी एक सांगतो, परिचर दुसरं करतात, आणि रॅकवर दोन्ही आहेत. दोन दिवस चर्चा करून एक पद्धत ठरवली आणि कपाटाच्या दारावर चिकटवली. कुठली ठरवली याला फार अर्थ नाही, एकच हवी. धडे करण्याचा मला झालेला मोठा फायदा हा, की आपल्यालाच काय माहीत नाही ते उघडं पडतं.

तिसरी चूक जरा नाजूक आहे. वाचक पुस्तक विचारतो, मूल संगणकात शोधतं, सापडत नाही, आणि ते मोकळेपणाने सांगतं, ‘नाही आहे.’ पुस्तक असतं. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी शब्दाच्या शेवटची ती वेलांटी दीर्घ झाली. त्याआधीच्या पुस्तकावर ‘कवि’ छापलंय, मूल ‘कवी’ टाइप करतं. शिवाय आमच्या जुन्या नोंदी कोणी रोमन लिपीत केल्यात, काही जुन्या फाँटमधून आणताना बिघडल्यात. त्यामुळे या धड्यात एकच सवय लावायची आहे: ‘नाही’ म्हणण्याआधी तीनदा शोध. शेवट ऱ्हस्व करून, लेखकाच्या आडनावाने, आणि रोमन लिपीत. धड्यात बारा पुस्तकं शोधायला दिलीत, त्यातली अकरा आहेत, एक खरंच नाही. मुलं पहिल्या फेरीत पाच-सहा ‘नाही’ देतात. मग बाकीच्या पुस्तकांचे फोटो समोर येतात, आमच्याच रॅकवरचे, आणि मुलं ओशाळतात. इतका परिणाम माझ्या व्याख्यानाने कधी झाला नव्हता.

देवघेवीच्या पडद्यांचा धडा सोपा आहे, त्यावर फार लिहीत नाही. फक्त सराव चालू प्रणालीवर करू देऊ नका. सरावासाठी कोहाची वेगळी प्रत दुसऱ्या संगणकावर बसवून घ्या, त्यात खोटे सभासद घाला. आम्ही हे शहाणपण उशिरा शिकलो. एका मुलाने सरावाला म्हणून प्राचार्यांच्या नावावर तीन पुस्तकं दिली आणि परत घ्यायची राहून गेली. सरांच्या निवृत्तीच्या ना-देय दाखल्याच्या वेळी ती तीन पुस्तकं वर आली, त्यातलं एक पाककृतींचं. मुलांना लॉगिनही वेगळं द्या, देवघेवीपुरत्या परवानग्यांचं. तुमचा पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला असेल तर तो आजच काढा.

आता जे संगणकावर घालू नये ते. काउंटरवर माणसाशी कसं बोलायचं, हे मी धड्यात घालून पाहिलं. प्रसंग लिहिले, तीन-तीन पर्याय दिले. मुलं दर वेळी बरोबर पर्याय निवडायची, कारण तीनांतला सभ्य कुठला ते आंधळ्यालाही दिसतं. आणि मग त्याच आठवड्यात एका मुलाने वाचकाला सहज सांगून टाकलं, हे पुस्तक अमुक मुलीकडे आहे. तो वाचक पुस्तक मागायला तिच्या वाडीत, घरी जाऊन थडकला. गावात याचा काय अर्थ होतो, तुम्हाला सांगायला नको. तिचे वडील दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर होते आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तेव्हापासून हे नाटकातून शिकवतो. आमचे परिचर काका रागावलेले प्राध्यापक होतात, आणि बेमालूम होतात. पंचवीस वर्षांत बरेच बघितलेत त्यांनी. ‘माझं पुस्तक कोणाकडे आहे ते सांग, मी त्याच्याकडून घेतो’ म्हणून ते काउंटरवर हात आपटतात. मुलाने म्हणायचं, ‘सर, नाव सांगता येत नाही. राखून ठेवतो, आलं की कळवतो.’ वाक्य साधं आहे, पण समोर आवाज चढला की तोंडातून निघत नाही. तीनदा म्हटलं की निघतं. अर्धा तास लागतो, दोन-दोन मुलं घेऊन करता येतं. धड्यांमुळे वाचलेला वेळ मी इथे खर्च करतो.

पावसाचा एक धडा जरूर करा, फक्त फोटोंचा. कुठल्या खिडकीतून पाणी येतं, कुठल्या भिंतीला ओल धरते, सर्वांत खालच्या फळीवर काय ठेवायचं नाही. भिजलेलं पुस्तक हाती लागलं तर कोरड्या पुस्तकांत घुसवायचं नाही, उन्हात टाकायचं नाही, पानांच्या मध्ये टीपकागद घालून पंख्याच्या वाऱ्याला उभं ठेवायचं आणि लगेच सांगायचं. दोन दिवसांत बुरशी धरते. २२ जुलै २०२१च्या चिपळूणच्या महापुरात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची, म्हणजे १८६४पासूनच्या संस्थेची, पुस्तकं पाण्यात गेली, हे आमच्या मुलांना माहीत असतं. ‘कुठल्या फळ्या आधी रिकाम्या करायच्या?’ हा प्रश्न त्यांना पुस्तकी वाटत नाही.

वेळेबद्दल एक. मुलं जुलै-ऑगस्टमध्ये येतात, जरा हात बसतो न बसतो तोच गौरी-गणपती. सुट्टीवरून परतली की दशांश पार विसरलेले असतात. म्हणून पहिल्या धड्याची दुसरी, लहान फेरी गणपतीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी. दहाच प्रश्न, पण चुकवायची नाही. आणि धड्यांवर बसलेला वेळ कामाच्या तासांत धरा. हे मुलांना सुरुवातीलाच सांगा, नाहीतर ती ‘नेक्स्ट’ दाबत पळणारच.

सॉफ्टवेअर. कॉलेजात मूडल (ऑनलाइन शिकवण्याचं सॉफ्टवेअर) चालू असेल तर तेच वापरा, गुणांची नोंद आपोआप राहते. नसेल तर केवळ यासाठी बसवू नका. मी एचफाइव्हपी (H5P) प्रकारचे, म्हणजे मुलाने पडद्यावर स्वतः करायचे धडे ‘लुमी’ नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये करतो. चित्रं क्रमाने लावायचा प्रकार त्यात तयार मिळतो आणि सगळा धडा एका एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून घेता येतो. ती पेन ड्राइव्हवरून कुठल्याही संगणकावर, इंटरनेट नसताना चालते. आपल्याकडे पावसाळ्यात हे महत्त्वाचं. तोटा असा की गुण कुठे साठत नाहीत. आमच्याकडे मूल शेवटचा पडदा काकांना दाखवतं आणि काका वहीत सही करतात. मला ही पद्धत मूडलपेक्षा आवडते, कारण त्या निमित्ताने दोन शब्द बोलणं होतं. पॉवरपॉइंटमध्ये दुवे घालूनही काम भागतं, पण ओढून लावण्याचा सराव त्यात नीट होत नाही. व्हिडिओ टाळा, निदान दोन मिनिटांच्या वरचे. लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून, आणि शेजारच्या वाचन कक्षात आवाज. धडा दहा मिनिटांचाच ठेवण्याचं कारणही लाईटच.

किती धडे? आमच्याकडे पाच आहेत: दशांश, लेखकांचा क्रम, शोध, देवघेव, पाऊस. तुम्ही यंदा पहिला आणि तिसरा एवढेच करा. लेखकांच्या क्रमाचा धडा लगेच करू नका, आधी परिचरांबरोबर बसून तुमची पद्धत ठरवा. बाकीचे तुमच्या वहीत काय येतं त्यावर.

आणि प्रमाणपत्र. द्या, पण काम केलेल्या तासांचं द्या. धडे पूर्ण केल्याचं मी एक वर्ष दिलं होतं. त्या वर्षी मुलांनी उत्तरांचे फोटो काढून एकमेकांना पाठवले. मला पाठींचे सगळे फोटो नव्याने काढावे लागले.